रंगाऱ्याची वही

माघात होड्या सगळ्या पाण्यात,
म्हणून माझ्या हातांना काम नाही.
ब्रश केरोसिनात उभे, डबे पत्र्याखाली,
आणि मी तळाशीलच्या वाळूत, उंडीच्या सावलीला,
पेटीच्या दारासमोर पाटावर.

पेटी सातेरीची.
वारुळातल्या देवीचं नाव आणि या माशीचं नाव एकच,
कुणी कुणाचं घेतलं ठाऊक नाही.
दोघींसमोर बसताना मी चपला काढतो.

साडेसातला पहिली उतरते.
मागच्या पायांवर दोन गोळ्या, मोहरीएवढ्याही नाहीत.
दारात सांडतं ते मी बोटावर घेतो, वहीत पुसतो,
आणि पुढे डब्यावरचं नाव लिहितो,
मला दुसरी नावं येत नाहीत.
माडाचा ऑफ व्हाइट, त्यात लेमन यलोचा एकच थेंब.
पांगाऱ्याचा गोल्डन ब्राउन, पण तळाला गाळ बसलेला.
काजूचा कुठला, ते अजून ठरत नाही,
बायको म्हणते पिवळा, मी म्हणतो राख.
सावरीचं पान कोरं.
ती टेकडीवर नागडी उभी,
कळ्या मुठीत आवळून.

गुरुवारी एक आली पांढरी.
पायच काय, तोंड, पोट, मिशासुद्धा,
अंगावर प्रायमर सांडल्यासारखी.
मग दुसरी. मग एकदम दहा.
असा पांढरा या गावात कुठल्याच झाडाला नाही.
दोन दिवस हिंडलो,
करवंदीत हात ओरबाडून घेतले,
शेवग्याखाली मान मोडेपर्यंत उभा राहिलो.
शेवटी गिरणीच्या दारातून फिलोमीननेच हाक मारली,
केसांवर पीठ, भुवयांवर पीठ:
"रे रंगाऱ्या, तुजी ही बारकी गिरायकां
पैशे देनत नाय हां!"

आत पट्टा थांबलेला.
चाळणीच्या कडेला, घावनांच्या पिठात
माझ्या माश्या लोळत होत्या,
पाय घासून घासून गोळ्या वळत होत्या,
घाईने, जसं कुणी चोरीचं बांधून नेतं.

पिठावर पिल्लं जगत नाहीत,
पेटी देणाऱ्या माणसाने तेवढं सांगितलेलं.
मग कशाला, कलमांवर मोहोर मावत नसताना?
फिलोमीन काही बोलली नाही.
नुसती हनुवटी उचलली बागेकडे.
तिकडे पंप चालू होता.
पानापानावर एक निळसर ओला थर,
उन्हात चमकत.
तो रंग मी ओळखतो.
वहीत घेतला नाही.

रात्री पेटीचं दार ओल्या गोणपाटाने झाकलं.
तीन दिवस.
आत भरती चढल्यासारखा आवाज.
मी कान लावून बसलेला पाहून बायकोने विचारलं,
काय म्हणतात?
म्हटलं, शिव्या.

चौथ्या दिवशी गोणपाट काढलं.
थोड्या मेल्या होत्या, त्या झाडूने गोळा केल्या.
बाकीच्या दारात येऊन उन्हाकडे बघत राहिल्या,
पेन्शनच्या रांगेत बघतात तशा.
मग गेल्या.
अकरा वाजले, बारा वाजले,
फिलोमीनच्या गिरणीचा पट्टा फटफटायला लागला
आणि मी उठून बघायचंही टाळलं.

एक आली.
चष्मा धोतराला पुसला, पुन्हा पाहिलं.
विटकरी.
ऑक्साईड रेड नव्हे, ऑक्साईड मेलेला असतो.
हा ओला, कडेला काळसर,
ताज्या बांगड्याचा कल्ला उचलला की
आत दिसतो तसा.
मान वळवून टेकडीकडे पाहिलं:
सावरीने मूठ सोडली होती.

आषाढात होड्या वर ओढतील.
सगुण तांडेल येईल, विचारील नावाला कुठला रंग.
डबे दाखवीन, आणि म्हणेन, थांब, तो यात नाही.
वहीतला डाग त्याच्या नाकासमोर धरीन.
तो म्हणेल, हे काय, रक्त?
मी थोडे पैसे वाढवून मागेन.

पांढऱ्याचं पान मात्र तसंच राहिलं,
पीठ कागदावर टिकत नाही.
तिथे आता उधारी मांडली आहे:
फिलोमीन. घावनांचं पीठ.
चिमूटभर, सव्वीस माश्या.