कुऱ्हाडवाल्याला कसं वापरावं

डिसेंबरात बोआझकालेचे अवशेष बघायला कुणी येत नाही.
चौकीत शेगडी, शेगडीवर चहाची जोडकिटली,
आणि येक्ताने ठेवून गेलेला लॅपटॉप, दोन बटणं उखडलेला.
बहिणीचा मुलगा, अंकाराला शिकतो.
जाताना म्हणाला, "मामा, रात्र मोठी असते. राज्य कर."

राज्य म्हणजे तीन झोपड्या
आणि एकच गडी.
उघडा, अनवाणी, हातात कुऱ्हाड.
एका खेळीत दोन घरं चालतो.
लांबून काही करता येत नाही त्याला,
मारायचं तर शेजारी जाऊन उभं राहायचं,
समोरच्याचा श्वास लागेल इतकं जवळ.

पहिल्या आठवड्यात माझ्या हातून तो अकरा वेळा मेला.
एकदा नदीत कमरेएवढ्या पाण्यातून वर चढवला,
एकदा घोडेस्वारांच्या मागे मोकळ्या माळावर पळवला,
एकदा तर नुसताच, डोकं फिरलं म्हणून.
उचलली कुऱ्हाड, लावली कपाळाला.

येक्ता फोनवर हसला नाही.
म्हणाला, मामा, नदी आधी ओलांड, मग भांड.
टेकडी दिसली की शत्रू विसर, टेकडी घे.
तिरंदाजांवर उघड्यावरून जाऊ नकोस,
रानात दबा धर, येऊ दे त्यांना.
जवळ आला की तिरंदाज
म्हणजे वाकडी काठी धरलेला माणूस.
आणि जखमी झाला तर मागे घे. लाज कसली त्यात?

हेच मला सगळ्यात जड गेलं.
चार-चार खेळ्या काही करायचं नाही.
पडद्यावर ढग सरकतात,
तो बसलेला, अंगात रक्त थेंबाथेंबाने परत येतंय,
आणि माझं बोट शिवशिवतं.
थांबला तो संपला, म्हणतात.
माझ्या आधीची तीन भावंडं पाळण्यात गेली
म्हणून आईने माझं नाव ठेवलं दुरमुश:
थांबलेला. राहिलेला.
एवढी साधी गोष्ट, बावन्नाव्या वर्षी
उघड्या अंगाच्या गड्याकडून कळावी?

एक वाजता टॉर्च घेऊन फेरीला निघतो.
वरच्या रस्त्याला नवा खांब, खांबावर कॅमेऱ्याचा लाल डोळा.
मग राजद्वार.
तिथे दगडात माझा दुसरा कुऱ्हाडवाला,
टोकदार शिरस्त्राण, छातीवरचे केससुद्धा कोरलेले.
मूळचा अंकाराच्या संग्रहालयात, उबेत.
हा नक्कल.
बर्फ मात्र त्याच्यावर खरं पडतं.
नकलेची राखण करतोय एकवीस वर्षं,
आणि काल रात्री पहिल्यांदा दिसलं
की तो दाराबाहेर नाही.
आतल्या अंगाला आहे,
गावाकडच्या बाजूला, कोपऱ्यात.

मी टॉर्च विझवली. उभा राहिलो त्याच्या शेजारी.
दारातून एका वेळी किती जण येतील?
दोन. फार तर तीन, खांदे चेपून.

धावत चौकीत आलो, बूट न काढता बसलो.
दोन डोंगरांमधली एक चिंचोळी खिंड,
खिंडीच्या तोंडावर नाही, एक घर आत,
तिथे गडी रोवला आणि हात मांडीखाली दाबून धरले.
ते आले. एकामागून एक यावं लागलं त्यांना.
पहिला पडला, दुसरा पडला,
तिसऱ्याने याला अर्धा केला,
चौथा वळून निघून गेला.
अडीच वाजता येक्ताला फोन लावला.
"मामा, परीक्षा आहे सकाळी," तो म्हणाला,
आणि मग, "किती उरला?"
"अर्धा."
"बसव त्याला."

आज डोंगरात लोखंड सापडलंय.
खेळ विचारतो, याला तलवारवाला करू का? ऐंशी नाणी.
नाणी आहेत. ऐंशीच काय, दोनशे आहेत.
पुढे घोडे येणार, बुरुज फोडणारी यंत्रं येणार,
जुना गडी तिथे फुकट जातो, येक्ता सांगतो, आणि खरंच सांगतो.

चहा उकळून कडू झाला.
एक वाजायला सात मिनिटं आहेत.
प्रश्न तसाच पडद्यावर ठेवून
मी मफलर गुंडाळतो.