मधलं बोट

शिरवळच्या टेबलावर पाय एकटाच होता,
घोड्याशिवाय.
फॉर्मलीननं डोळे चुरचुरत होते
आणि सर चिमट्याच्या टोकानं दाखवत होते :
हा कॅनन, हा फेटलॉक, हा पास्टर्न,
हा कॉरोनेट, मुकुट म्हणा हवं तर.
मी वहीत उतरवून घेत होते
माझ्याच घरातल्या माणसांची
कुणीतरी बदललेली नावं.

मालगावात, लिंबाखाली, तरटावर बसून
अब्बा ह्याच पायाला नळी म्हणायचे,
मग मूठ, मग गामची.
"वढ्यातनं आली की आधी गामची पूस,
तितं चिखल्या धरत्यात."
आणि केस संपून जिथं खूर सुरू होतो
त्या काठाला त्यांच्याकडं नावच नव्हतं.
तिथं ते नुसता अंगठा फिरवायचे.
गरम लागलं तर मालकाला म्हणायचे,
"आज न्हाय पळायची. घरी न्या."

तळव्यात एक तिकोनी मऊ गादी असते.
पुस्तकात ती बेडूक.
कुठल्या साहेबाला तिथं बेडूक दिसला कोण जाणे.
अब्बांची ती पुतळी.
"पुतळीला रापी लावायची न्हाय,
तिच्यावर घोडं हुबं असतंय."
आईच्या माळेतल्या पुतळ्या
माझ्या प्रवेशाच्या वर्षी मिरजेच्या पेढीवर गेल्या.
घोडीच्या चार तेवढ्या राहिल्या
जागच्या जागी.

तोंडी परीक्षेला सरांनी वर चिमटा टेकवला.
हे काय?
गुडघा, सर.
सगळं जग गुडघा म्हणतं, ते म्हणाले,
पण स्वतःचा हात बघ.
हे मनगट.
त्याच्याखाली एकच बोट, मधलं,
आणि खूर म्हणजे त्याचं नख.
नळीच्या मागं दोन बारीक हाडं चिकटलेली,
तर्जनी आणि अनामिका
व्हायच्या राहून गेलेल्या.

एसटीत खिडकीशी बसून कऱ्हाडपर्यंत
मी मधलं बोट मांडीवर उभं करून बघत होते.
एक बोट. त्याच्यावर सगळं धड,
वर खोगीर, वर माणूस, माणसाची घाई.
शेजारच्या बाईनं पिशवी जरा
आपल्याकडं ओढून घेतली.

त्या आठवड्यात माळावर घोडा-बैल शर्यत होती.
एका जूला कदमांची अबलख घोडी
आणि मानेंचा खिलार खोंड.
धुरळा बसल्यावर मी चाकोरीतनं चालत गेले.
मातीत बैलाची दोन बोटं, मधलं आणि अनामिका,
त्यांच्या शेजारी घोडीचं एक,
पुन्हा दोन, पुन्हा एक,
पार निशाणापर्यंत.
निकालावरून तिकडं भांडण लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी घोडी नालाला आली.
बैलाच्या पत्र्या आधीच मारून झालेल्या.
अब्बांनी पुढचा पाय दोन मांड्यांत धरला.
मी म्हणाले, अब्बा, हा गुडघा नव्हं. मनगट हाय.
त्यांनी कानस थांबवली नाही.
त्यांच्या मधल्या बोटाचं नख
हातोडीनं कधीचंच काळं, जाड झालेलं,
खुरासारखं.
"मग चाळीस वर्षं मी काय
हिच्या हातात हात घिऊन बसलोय व्हय?"

घोडीनं शेपटीनं माशी हाकलली.
थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं,
"आन हे? केस संपत्यात तितं?
तुमच्यात काय म्हंत्यात?"
मुकुट, मी म्हणाले.
त्यांनी अंगठा काठावरून एकदा फिरवला,
मग परत, सावकाश, दुसऱ्या बाजूनं.
"मुकुट गार हाय," म्हणाले,
आणि ओठांत धरलेला
पुढचा खिळा काढला.