विष्यंदिता

रुवैस, रात्रपाळी. बाहेर अडतीस,
हवा अशी की दार उघडताच चष्मा आंधळा.
आत काचेची यू-नळी चाळीस अंशांच्या पाण्यात उभी,
तिच्यातून कच्चं तेल उतरतंय
वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत.
माझं काम अंगठ्याचं: घड्याळ सुरू, घड्याळ बंद.
लोट्याच्या एमआयडीसीत शिकलो, इथं एकोणीस वर्षं तेच.
शाळेच्या पुस्तकात याला विष्यंदिता म्हणायचे.
इथं तो शब्द सांगू कुणाला? गुलजमानला?
तो म्हणतो, तेलाचा आळस मोज आणि झोपायला जा.

शाल्मलीसुद्धा आळसच मोजते. माझ्या भावाची मुलगी.
गेल्या वर्षी तिनंच कुठूनसा माझा नंबर काढला.
शिशाचे दोन अणुगर्भ, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं, एकमेकांवर,
आणि मधे जे उरतं
ते सूर्याच्या पोटाहून लाखपटीनं तापलेलं.
"सगळ्यांना वाटलेलं वायू होईल, काका,
जो तो आपल्या वाटेनं.
निघाला द्रव. वाहिला तो."
आवाज तुटत होता. मी विचारलं, दाट की पातळ?
ती हसली. "तुमच्या आकड्यांत डांबराहून दाट.
पण त्याच्या आत जेवढा गोंधळ आहे त्या मानानं
याहून पातळ अजून कुणाला सापडलेलं नाही."

हे मला दोन दिवस पचलं नाही.

मेसमध्ये दोन खुबुस घेतले, तिनं सांगितले तसे,
एकावर एक, पण पुरते नाहीत, कडेकडेनं.
जिथं दोन्ही, तिथं बदाम.
बदामाच्या कमरेशी दाब चढा,
म्हणून तिकडूनच ते जोरानं उसळतं
आणि आपण "क्ष" म्हणायच्या आत संपतं.
राहतात नुसते भिरकावलेले कण.
ते कुठल्या दिशेला किती गेले, एवढ्यावरून
ही पोर सांगते बदाम कसा होता.
वायू असता तर विसरला असता, म्हणते.
वाहिलं म्हणून ध्यानात राहिलं.
गुलजमाननं वरचा खुबुस उचलला आणि खाल्ला.

तिचा बाप आणि मी भिडलो होतो.
तेही समोरासमोर नाही, कडेनंच.
विहिरीवरच्या पंपाची निम्मी किंमत, आणि दारातलं एक वाक्य
जे तो बोलला की मी, यावर दुमत आहे.
चहासुद्धा निवला नव्हता.
तो सुरतेला गेला. मी इकडे.
इतकी वर्षं आम्ही दोघं स्वतःला वायू समजत राहिलो.

फोन ठेवताना शाल्मली "असू दे" म्हणते.
"दे" जरा लांबवून.
तसंच. त्या दारातलं.

तेल खालच्या खुणेला पोचलं तेव्हा
अंगठा जागेवर नव्हता.
वाचन बाद. नळी धुवायची, नमुना पुन्हा भरायचा,
पंधरा मिनिटं तापमान जुळू द्यायचं.
इथं सव्वाबारा, म्हणजे सुरतेत पावणेदोन.
जागा असेल का?

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
पुन्हा घेत आहे.