माप

टेपची उलटी बाजू सेंटिमीटरची.
ब्लाउजला ती कधी लागत नाही,
चिंचोकीला लागते.

जीन बसते त्याच्या जरासं मागून टेप फिरवते, पोटाखालून ओढून घेते.
"श्वास सोड गं," म्हणते, गिऱ्हाइकांना म्हणते तशी.
ती सोडत नाही.
गिऱ्हाइकंही सोडत नाहीत.

घेर एकशे साठ. छातीपासून पुठ्ठ्यापर्यंत दीडशे.
घेर गुणिले घेर गुणिले लांबी
भागिले अकरा हजार आठशे ऐंशी:
शिवणयंत्राच्या झाकणाला आतून खडूने लिहून ठेवलंय.
तीनशे तेवीस किलो.
जंताच्या पेस्टची कडी सव्वातीनशेवर आणायची.
अंदाजपंचे नको, डॉक्टर घोन्साल्विस बजावतात,
कमी पडलं तर जंत मरत नाहीत, शिकतात.

मागच्या खेपेला दिलंच नव्हतं.
ताज्या लिदीचे चार गोळे पिशवीत बांधून, खाली बर्फ,
ओवळ्याहून रिक्षा केली ठाण्याला.
"कसली मासळी?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.
"सुरमई," म्हटलं.
ग्रॅमला दीडशे अंडी निघाली. राहू दे, म्हणाल्या डॉक्टर.
या खेपेला नऊशे.
लग्नसराई होती, फॉल-बिडिंगचा ढीग,
तीन-तीन दिवस लीद उचलली नाही मी.
हिशेब माझ्याच नावावर.

गूळ आधी नाही, नंतर. तोंड रिकामं हवं.
ओठांच्या कोपऱ्यातून, जिथे दात नसतात तिथून,
सिरिंज जिभेच्या मुळाशी.
त्याच कोपऱ्यात पांढरा वण आहे,
बँडवाल्याच्या काटेरी लगामाचा.
आठ वर्षं वराती ओढल्या तिने.
अजून कुणी फटाका लावला की मागचे दोन्ही पाय
एका जागी रुततात.
हनुवटी वर धरून उभी राहते मी
गिळल्याचा आवाज येईस्तोवर.

रविवारी पडघ्याहून नजीर खोत आले.
फोनमध्ये त्यांचा घोडा, अबलख, मारवाडी,
कानांची टोकं एकमेकांना टेकलेली.
चिंचोकीच्या गळ्याखाली बोटं घालून भोवरा चाचपला,
आणि एकदम हळू बोलायला लागले.
"देवमण आहे, बाई. असा भोवरा मी हयातीत दोनदा पाहिला.
माजावर आली की कळवा.
पैसा नको. पहिलं शिंगरू माझं, दुसरं तुमचं."
भावेश दारातून म्हणाला, "आई, हो म्हण ना."

अकरा महिने.
चौदा वर्षांची पहिलटकरीण, गुडघे आधीच सुजरे.
आणि हा तुकडा दिराचा;
कुंपणाबाहेर बोर्ड लागलाय, बत्तीस मजले,
गच्चीवर तळं.
शिंगरू नर निघालं तर कुणाकडे द्यायचं?
ज्याच्याकडे द्यायचं तो कुणाला देईल?
कापड बेतताना मी आधी शिवणीत कपडा सोडते,
पुढे अंग भरलं तर उसवता यावं म्हणून.
इथे सोडायला काहीच नव्हतं.

"नाही," म्हटलं.
खोत रागावले नाहीत. चहा बशीत ओतून प्यायले.
"नाव घोडबंदर," म्हणाले,
"आणि एक शिंगरू बांधायला जागा नाही बघा."
जाताना तिच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले,
जसा कुणी सोयरिक मोडताना उभा राहावा.

मंगळवारी ती माजावर आली.
शेपूट वर, कुंपणाला छाती लावून,
घोडबंदर रोडच्या दिशेने हाका.
ट्रकच उत्तर देत होते.
माझ्या आईने माझं माप घेतलं होतं
पाहुणे यायच्या आदल्या रात्री;
विचारलं काही नव्हतं.
मीही चिंचोकीला विचारलं नाही.
दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मला माहीत आहे.
तरी त्या रात्री मशीनवर बसले
आणि चार वेळा दोरा तुटला.

पंधरा दिवसांनी परत चार गोळे, खाली बर्फ.
तोच रिक्षावाला.
"आज कसली?"
"बोंबील," म्हटलं. "मीटर टाका."