कोरी शेगडी

कोळशाशी माझा तेवीस वर्षांचा व्यवहार आहे.
बाभळीचा कुठला, चिंचेचा कुठला,
कोण ठिणगी उडवून गिऱ्हाइकाचं पातळ जाळतो
आणि कोण गपगुमान दुपारपर्यंत पुरतो,
हे माझ्या हाताला कळतं.
म्हणून रेल्वे लाइन्समधे रणभिसे बाईंच्या पडवीत
चादरीखालून ती निघाली तेव्हा
मी आधी जाळीवर बोट फिरवलं.

बोट काळं झालं नाही.
नुसतं तेलकट.

चार पाय, पोटाला वाकवलेला जाड पत्रा,
लाकडी मूठ, झाकण, झाकणाला भोकं
वारा कमी-जास्त करायला.
आत राख नाही.
आग लागली की लोखंडावर जो निळा-जांभळा डाग पडतो
तोही नाही.
(माझ्या इस्त्रीच्या पोटात बघा,
तिथं तो पोपडे धरून बसलाय.)

"ही पेटलीच नाही कधी," मी म्हटलं.
"नाही," बाई म्हणाल्या.
"एकाहत्तर साली आणली ह्यांनी मुंबईहून,
गार्डाच्या डब्यातून.
दर नाताळला बाहेर काढायचे,
शिवणयंत्राचं तेल द्यायचे सांध्यासांध्याला,
म्हणायचे, सगळे जमले की लावू.
एका वर्षी ड्युटी वाडीला.
एका वर्षी दीर आले, तर कोळसा ओला.
एका वर्षी दोघंच होतो,
दोघांसाठी काय लावायची?
मग ते गेले.
तेल मी देत राहिले. का, ते विचारू नकोस."

मी विचारलं नाही.
"किती घेणार?" एवढंच विचारलं.

भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला होता.
बाईंनी त्याला पाणी दिलं होतं आणि दार लावलं होतं.
मला म्हणाल्या, "परवा भाची येतीय, नगरला न्यायला.
एकतीस कपडे आहेत पेटीत भरायचे.
तू इस्त्री कर, आणि हिला ने."

रात्री अशोक चौकात खांबाच्या उजेडाखाली
मी गाडा लावला.
पातळं, उशांचे अभ्रे, लेस लावलेला एक टेबलक्लॉथ,
आणि सगळ्यात खाली
गार्डाचा पांढरा कोट, पितळी बटणांचा.
कोण घालणार होतं आता?
पण म्हणून काय अर्धीच इस्त्री करायची?
कॉलरवर पाणी शिंपडलं, बटणांवर फडकं धरलं,
बाहीची घडी अशी पाडली
की कुणी आत हात घालून
लगेच हिरवा झेंडा दाखवावा.

घरी अंबादास म्हणाला,
"विजापूर वेशीतला कबाबवाला डोळे झाकून दोन हजार देतोय."
सुनेत्रानं फोटो काढले चारी बाजूंनी.
"आई, जुनी असून कोरी आहे,
किंमत त्यातच आहे. पेटवू नकोस."
दोघांचंही खरं होतं.
तीन रात्री मी तिला खाटेखाली ठेवली
आणि तीन रात्री मला झोप नाही.
कोरं लुगडं कुणी नेसलंच नाही
तर खळच खाते त्याला शेवटी.

शनिवारी गाडा लवकर बंद केला.
इस्त्रीतले उरलेले निखारे, दिवसभर राबलेले,
घमेल्यातून आणून तिच्या पोटात ओतले.
आधी तेल जळालं.
वर्षावर्षाचं तेल, थरावर थर,
धूर शिवणयंत्रासारखा वासाचा.
शेजारची चंद्रव्वा विड्यांचं सूप हातात घेऊनच आली,
"काय जळतंय गं?"
"बस," म्हटलं.
गूळभेंडीची कणसं ठेवली जाळीवर.
अंबादास, सुनेत्रा, चंद्रव्वा, मी,
आणि पत्र्यावरचं एक बोकं मांजर.
मी मोजले.
जमले की सगळे.

गरम दाणे तळहातावर चोळून
शेंगाचटणीत लोळवून खाल्ले.
पहिली मूठ कुणाच्या नावानं बाजूला काढावी
हे कळेना, म्हणून कोनाड्यात ठेवली;
ती मांजरानं खाल्ली.

सकाळी राख उपसली.
तळाच्या पत्र्यावर, अगदी मधोमध,
रुपयाएवढा
निळा-जांभळा.