खटके

"मागचे सगळे गिअर काढा," ती म्हणाली,
"पुढे एक चक्र, मागे एक, मधे साखळी. बस्स."
दारूखान्यात लोक गिअर बसवून घ्यायला येतात,
काढून घ्यायला आलेली केतकी परुळेकर पहिलीच.

स्पितीला शाळेवर नेमणूक.
खोलीपासून वर्गापर्यंत सहा किलोमीटर,
अर्धं वर्ष बर्फ, उरलेलं अर्धं त्याच बर्फाचा चिखल.
"दातांत बसतो, लवूकाका, आणि गोठला की सिमेंट."

चिखल मला नको सांगूस, म्हटलं.
शिवडीच्या खाजणात रुतलेली सायकल
मी चमच्याने खरवडून काढलीय.
आणि बर्फ म्हणशील तर
आमचे दादा वीस वर्षं भाऊच्या धक्क्यावर
कॅरिअरला लादी बांधून न्यायचे,
खाली भुसा, वर गोणपाट, वर सुतळी.
घरी यायचे तेव्हा पाठ ओली
आणि साखळी मिठाने खाल्लेली.

ती हसली नाही.
म्हणाली, "काका, तो बर्फ वितळत होता."

असो.
पुढे बत्तीस दाती, मागे वीस.
पुढच्या चक्राचा एक दात जाड, एक बारीक,
म्हणजे धक्क्याने साखळी उडायची नाही.
साखळीला ढील अर्ध्या बोटाची,
त्याहून ताणली तर कुरकुरते, सोडली तर रुसते.
माझगावच्या चर्चमधून असदने पिशवीभर आणली
विझलेल्या मेणबत्त्यांची थोटकं,
जुन्या पातेल्यात ती वितळवून साखळी बुडवली.
तेल चिखलाला आवतण देतं. मेण देत नाही.
ब्रेकची तार अखंड नळीतून,
कुठे तोंड उघडं नाही, पाणी शिरलं की तिथेच गोठेल.
आणि फ्रीव्हीलमध्ये
ट्रॉलरच्या शाफ्टला लावतात ते हिरवं ग्रीस,
अंगठ्याने दाबून दाबून,
दादा भरायचे तसं.

रात्री चाक प्लास्टिकमध्ये गुंडाळून
धाकलीबायच्या पेटीत पुरलं, पापलेटांच्या शेजारी,
चुऱ्यावर कुल्फीवाल्यासारखं जाडं मीठ मारून.
"मासा काय न् चाक काय," ती म्हणाली,
"भाडं दोघांचं सारखंच."

पहाटे चारला काढलं, धक्क्यावरच बसवलं.
लिलाव ऐन भरात.
असदने पेडल मारलं.
पेडल फिरलं.
साखळी फिरली.
चाक जागच्या जागी.

आत दोन खटके असतात, नखाएवढे,
केसाएवढी स्प्रिंग त्यांना उचलून धरते.
ग्रीसखाली ते निजले होते, गाढ,
आणि त्यांच्या पाठीवर पोरगं हवेत पाय मारत होतं.
असद हसला. मला नाही हसू आलं.
सहा किलोमीटर. एकटी. वर्गात पोरं वाट बघत बसलेली.

दादांना उभ्या जन्मात ग्रीस कमीच पडलं होतं,
जास्त झालेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

रॉकेलने सगळं धुतलं,
हिरवा थर निघाला, तळाशी बसला.
मग समोरच्या टेलरकडून शिलाई मशीनचं तेल.
तीन थेंब. चौथा नाही.
पुन्हा एक रात्र पापलेटांशेजारी,
धाकलीबायला पुन्हा भाडं.
पहाटे चाक उलटं फिरवलं
आणि त्या आरडाओरड्यात, बोलीवर बोली चढत असताना,
टक टक टक टक,
कान लावला तरच ऐकू येईल असं.

जाताना विचारलं तिने, तिकडून काय पाठवू?
लोक सफरचंद म्हणतात.
मी म्हटलं, झिजली की साखळी पाठव.

पुढल्या वर्षी पार्सल आलं,
शाळेच्या वहीची पानं, त्यांवर सातचा पाढा,
आत गुंडाळलेली साखळी.
पट्टी लावली. बारा इंचांवर एक सूत वाढलेली.
म्हणजे चालली. चांगलीच चालली.
कड्यांत अडकलेला चिखल राखाडी, कोरडा,
नखाने काढून हुंगला,
वासच नाही त्याला कसला.

असद रॉकेलचा डबा घेऊन पुढे आला.
थांब, म्हटलं.
राहू दे जरा.