पातळी तिसरी

दार वाजण्याचा आवाज आम्ही जुन्या बाजारातून आणला.
म्हणजे कडी आणली, दीडशे रुपयांची, गंजलेली,
औंधच्या ऑफिसात पॅन्ट्रीच्या फळीला ठोकली,
आणि माईक धरून सलोनी ओसवाल म्हणाली,
"अजून जोरात. शिपाई आहेत, पेपरवाला नाही."

साल अठराशे सत्त्याण्णव. पुण्यात प्लेग.
मी पर्याय लिहितो, तेच माझं काम :
आईच्या काखेत गाठ, दारात तपासणीचं पथक.
खरं सांगा.
कणगीमागे लपवा.
परसातून पळा.
वीस सेकंद. खाली पांढरी पट्टी झिजत जाते.

गुणांवरून तीन आठवडे भांडलो.
खरं बोलण्याचे दहा? लपवण्याचे उणे पाच?
की उलट?
शेवटी गुणच काढून टाकले, तर सलोनी म्हणाली,
"मग पोरं खेळतील कशाला?"
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही.

नाना पेठेतली महापालिकेची शाळा.
संगणक अकरा, चालू सात.
वाघचौरे बाईंनी चपला बाहेर काढायला लावल्या.
यूपीएस मधूनच टिटवीसारखा ओरडायचा.

आदेश परदेशीनं नऊ मिनिटांत अख्खी आळी छावणीत धाडली
आणि हात वर केले, "संपवला!"
मग पडद्यावर ती आळी आली,
दारांवर खुणा, एक कुत्रं,
बाकी कुणी नाही.
तो हात खाली घ्यायचं विसरला.

दोन मैत्रिणींनी आई लपवली.
पुढच्या पातळीत शेजारचं तान्हं गेलं.
"तू दाबलंस." "तूच म्हणालीस दाब."
मी वहीत टिपलं : परिणामकारक.
शब्दाची लाज वाटली, पण खोडला नाही.

कोपऱ्यात प्रणिता खुडे.
तिची वीस सेकंदं केव्हाच संपली होती.
"सर, हा कोण?"
पथक गेल्यावर पडद्याच्या कडेनं एक माणूस येतो,
अंथरुणाचं बोचकं पाठीवर घेतो, जाळायला नेतो.
तीन चित्रांत चालतो : डावा पाय, उजवा, डावा.
चेहरा काढलेला नाही.
"तो मागचा आहे," मी म्हणालो. "बॅकग्राउंड."
"त्याला नाही होत प्लेग?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या.
घंटा झाली, पोरं चपलांवर तुटून पडली.

रात्री माझे जमवलेले कागद पुन्हा उपसले.
जाळलेल्या सामानाचा हिशेब सापडला,
चुन्याचा सापडला,
गाडीच्या बैलांच्या वैरणीचासुद्धा.

मग सर्व्हरवरची नोंद उघडली,
कुणी कुठे, किती वेळा दाबलं.
संगणक सातवा. निवडलेले पर्याय : शून्य.
पडद्याची उजवी कड,
तो चालतो तशी इंच इंच सरकत गेलेली
एकेचाळीस क्लिक.

सलोनीला पाठवली. तिचं लगेच उत्तर, "बग आहे का?"

हो, लिहिलं.
त्याचं घर काढायचं राहिलंय.
आणि कडीचा आवाज तिथे चालणार नाही,
दाराला गोणपाट असेल बहुतेक.
गोणपाटावर कसं ठोकतात
माहितीये का तुला?